आण्णांच्या जीपचे दिवे

प्रसेनजीतला बहिणीचा हेवा वाटायला नेमकी कधी सुरुवात झाली, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं जीपचं नाव घेतलं असतं. जीप दारात आली अठ्ठ्याण्णव साली. त्याआधी उचगावच्या त्या घरात हेवा वाटावा असं शिवानीकडं काही नव्हतंच. थोरला तो, आयटीआय झालेला तो, शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून कायम झालेलाही तोच. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली एकच चौकट टांगलेली होती आणि तिच्यात त्याचं सर्टिफिकेट होतं. शिवानी त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी. केएमटीच्या बसनं शहरात कॉलेजला जायची, बी.ए. करायची आणि दुपारी घरी येऊन आईला हातभार लावायची. तिच्याबद्दल पाहुण्यारावळ्यांत बोलणं निघालं तर ते लग्नाचंच.

मग जीप आली. त्यांचे वडील बाबासो सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी ती एकच जीप चालवली. साहेब बदलले, ऑफिस बदललं, गाडी तीच राहिली. चंदगडच्या पावसात, घाटाघाटांनी ती त्यांनी एवढी फिरवली होती की तिच्या आवाजावरून कुठला नट सैल झालाय ते सांगायचे. ते निवृत्त झाले त्याच वर्षी खात्यानं जीप लिलावात काढली, आणि आण्णांनी कुणाला न विचारता ती घेतली. सोनूबाई, म्हणजे आई, आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. प्रसेनजीत मात्र मनातून खूश झाला होता. त्याला वाटलं, आता रविवारी आपण आणि आण्णा दोघं मिळून हिच्यावर काम करू. लहानपणी जे कधी जमलं नाही, कारण आण्णा कायम दौऱ्यावर असायचे, ते आता जमेल.

पण कारखान्याला रविवार कळत नव्हता. कधी पहिली पाळी, कधी तिसरी, कधी ओव्हरटाइम. तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. आणि शिवानी दुपारी एकला घरी यायची. आण्णांची नजर जवळचं बघायला अलीकडं कमी पडू लागली होती. वायरचा रंग ओळखायला, फटीत पडलेला वायसर शोधायला त्यांना दुसरे डोळे लागत. ते डोळे शिवानीचे झाले. आधी ती नुसते पाने हातात द्यायची. मग आण्णा सांगत तिथं हात घालू लागली. वर्षभरात अशी वेळ आली की आण्णा स्टुलावर बसलेले आणि ओढणी कमरेला खोचून पोरगी बॉनेटमध्ये वाकलेली. जीपपाशी काही अडलं की आण्णांच्या तोंडून आपोआप एकच हाक निघायची, “शिवे!”

ती हाक प्रसेनजीतला आत झोपलेला असताना ऐकू यायची. झोप मोडायची नाही, पण कुठंतरी काहीतरी खुपायचं.

नव्व्याण्णवच्या दिवाळीत कारखान्याला सहा दिवस सुट्टी मिळाली. गाडीची कागदोपत्री मुदत संपत आली होती, महिनाअखेर आरटीओत पासिंगला न्यायची होती. प्रसेनजीतनं जाहीर केलं की गाडीला रंग मी देतो. कारखान्यातल्या एकाकडून त्यानं फवारणीची मशिन आणली. पुढची जाळी काढली, हेडलाइट काढले, गंज घासला, पुट्टी भरली आणि सलग तीन दिवस खपून जुन्या हिरव्या रंगावर पांढराशुभ्र रंग चढवला. कुठं ओघळ नाही, कुठं डाग नाही. गल्लीतली माणसं येऊन बघून गेली. आण्णांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “झ्याक केलंस, प्रसन.” त्या एका वाक्यावर तो पुढचे आठ दिवस तरंगत होता.

नवव्या दिवशी हेडलाइट बिघडले.

आण्णा संध्याकाळी गांधीनगरच्या बाजारातून सोनूबाईला घेऊन, दिवाळीनंतर पहिल्यांदाच दिवे लावून आले ते वैतागतच. दोन्ही दिवे उजेड टाकायचे सोडून नुसते पिवळे पडले होते, रॉकेलच्या चिमणीसारखे. डिपर दाबला की आणखी मंदावत. इंडिकेटर लावला तर हेडलाइटही त्याच्या तालावर मिचमिचत. पासिंग बारा दिवसांवर आलं होतं आणि तिथं दिवे आधी बघतात. आण्णा उतरले, बॉनेट उघडलं आणि सवयीनं हाक मारली, “शिवे, टेस्ट लॅम्प आण गं.”

प्रसेनजीत पहिल्या पाळीनंतर ओव्हरटाइम करून आला होता आणि दारातच पाय धूत होता. आण्णांच्या नजरेपासून चार हातांवर. तो तांब्या खाली ठेवून पुढं झाला आणि म्हणाला की हे लाइटचं काम आहे, मी बघतो. आण्णा जरा गडबडले. बरं बघ की, तूच बघ, असं म्हणून बाजूला सरले. शिवानी टेस्ट लॅम्प घेऊन आली होती. तिनं तो त्याच्या हातात दिला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर वायरचे दोन तुकडे जोडलेला एक साधा बल्ब. प्रसेनजीतनं तो फळीवर ठेवून दिला. कारखान्यात चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनलवर काम करणाऱ्या माणसाला असलं खेळणं कशाला लागतंय?

त्यानं आधी फ्यूज बघितले. ठीक होते. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना उद्यमनगरातून दोन नवे बल्ब आणले आणि बसवले. नवे बल्बही तसेच पिवळे. तिसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातला मीटर मागून आणला. बल्ब काढून होल्डरमध्ये एक टोक लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. काटा बारावर जाऊन थांबला. करंट पुरेपूर येतोय, बल्ब नवा आहे, मग उजेड का नाही? त्यानं डिपरचा स्विच खोलून साफ केला. बॅटरीची टोकं घासली. चौथ्या संध्याकाळी तो स्टिअरिंगखाली उताणा पडून वायरींचा गुंता बघत होता तेव्हा शेजारचा पिराजी कंपाउंडवर कोपर टेकून उभा राहिला.

“काय रं,” पिराजी म्हणाला, “कारखान्याची लाइट लावतोस आणि घरची गाडी न्हाय लागत व्हय?”

पिराजीचं काही नाही, तो सगळ्यांनाच असं बोलायचा. पण त्यावर आण्णा हसले. आणि हसून झाल्यावर, अगदी मायेनं म्हणाले, “ऱ्हाऊ दे प्रसन. दमून आलास. उद्या शिवानी बघंल.”

रात्री जेवताना प्रसेनजीतनं भाकरी अर्धी टाकली. आईनं कारण विचारलं तर कँटीनला खाल्लं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चारला तो घरी आला, तर गेटमधूनच त्याला दिसलं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तोंड आत करून उभी होती आणि शेडच्या आतल्या भिंतीवर दोन पांढरेधोट गोल पडले होते. आण्णा स्ट्राँग लाइट, डिपर, स्ट्राँग लाइट, डिपर असं करत पोरासारखे हसत होते. सोनूबाई पदरानं हात पुसत उभी होती. शिवानीच्या नाकावर काळा डाग होता, आणि तिच्या हातात तोच टेस्ट लॅम्प.

आण्णांनी त्याला बोलावून सगळं पुन्हा सांगितलं. शिवानीनं म्हणे मीटर बाजूला ठेवला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आणली आणि तिचं टोक हेडलाइटच्या पत्र्याला नुसतं टेकवलं, तर दिवा भक्कन लागला. म्हणजे करंट येत होता, पण परत जायला वाट नव्हती. गाडीत परतीची वायर नसते, गाडीचा पत्राच ते काम करतो. त्याला अर्थिंग म्हणायचं. दोन्ही दिव्यांचं अर्थिंग रेडिएटरशेजारच्या एका बारक्या बोल्टवर येत होतं, आणि तिथंच ते धरत नव्हतं. बोल्ट काढला, पत्रा घासला, परत आवळला. झालं काम.

प्रसेनजीतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आयटीआयच्या पुस्तकात ते होतं, परीक्षेत त्यानं लिहिलंही होतं. पण मीटरचं दुसरं टोक दिव्याच्या अर्थिंगच्या वायरला लावायचं सोडून त्यानं थेट बॅटरीला लावलं, आणि दोष नजरेआडच राहिला.

“का धरत न्हवतं ते?” त्यानं विचारलं.

शिवानीनं एकदा आण्णांकडं बघितलं. “गंजलावता बोल्ट,” ती म्हणाली.

तो वाकला. बोल्टभोवती तिनं पत्रा घासला होता त्या वर्तुळाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा जाड थर स्वच्छ दिसत होता. वायरच्या टोकाखाली, बोल्टच्या बुडाशी, सगळीकडं त्यानंच फवारलेला रंग. गंज कुठंच नव्हता. दिवे त्याच्याच रंगानं घालवले होते, आणि ते तिला कळलं होतं, आणि तिनं सांगितलं नव्हतं.

तिनं ते बोलून दाखवलं असतं तर त्यानं भांडून घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण तिनं त्याला सांभाळून घेतलं. त्याला वाटलं, आता ही माझ्यावर उपकारही करणार. तो आत गेला, तोंडावर पांघरूण घेऊन पडला, आणि बाहेर आण्णा पिराजीला बोलावून पुन्हा तीच गोष्ट सांगताना ऐकत राहिला. त्या आठवड्यात आण्णांनी ती गोष्ट दूधवाल्याला सांगितली, कुरुंदवाडहून आलेल्या मावशीला सांगितली, विहारात भेटलेल्या चार माणसांना सांगितली. दर वेळी सुरुवात तीच, “आमचा प्रसन चार दिवस लागलावता, आणि हिनं...” त्यांच्या मनात काही वाकडं नसायचं. प्रसेनजीतला मात्र त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाशिवाय काही ऐकूच येत नसे.

पासिंगच्या दिवशी त्यानं रजा टाकली. आण्णांना बरं वाटलं. शिवानीनं कॉलेज बुडवलं. सकाळी तिनं दिवे, हॉर्न, वायपर सगळं तपासलं आणि तिघं निघाले. आण्णा गाडी चालवत होते, शिवानी त्यांच्या शेजारी आणि प्रसेनजीत मागं, आडव्या बाकावर, हत्यारांच्या पिशवीशेजारी.

आरटीओच्या मैदानावर गाड्यांची रांग लागली होती. टेम्पो, ट्रक, दोन-चार जुन्या मोटारी. त्यांच्यापुढं दहा-बारा गाड्या होत्या. आण्णा कागद दाखवायला खिडकीकडं गेले. थोड्या वेळानं त्यांनी शिवानीला झेरॉक्स आणायला पिटाळलं. गाडीपाशी प्रसेनजीत एकटा राहिला.

हे त्यानं आधी ठरवलं होतं का? नंतर कितीदा तरी त्यानं स्वतःला विचारलं. ठरवलं नव्हतं, पण रजा टाकतानाच त्याच्या डोळ्यांपुढं एक चित्र होतं: पासिंगचे साहेब समोर उभे आहेत, दिवे लागत नाहीत, आण्णा घाबरलेत, शिवानीला सुचत नाही, आणि आपण शांतपणे पुढं होऊन दोन मिनिटांत दिवे लावतो. एवढंच. कुणाचं नुकसान नाही. त्यानं बॉनेट उघडलं. हत्यारांच्या पिशवीत वस्तू बांधायला ठेवलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. त्यानं एका पट्टीचा रुपयाएवढा तुकडा कापला, त्याला भोक पाडलं, बोल्ट काढून पत्रा आणि वायर यांच्यामध्ये तो सरकवला, आणि बोल्टलाही टेप गुंडाळून परत बसवला. रबरातून करंट जात नाही. वरून बघणाऱ्याला बोल्ट घट्टच दिसणार. त्यानं बॉनेट लावलं आणि रुमालानं बोटं पुसली.

आण्णा आणि शिवानी परत आले, आणि तासाभरानं त्यांची पाळी आली. साहेब मध्यमवयाचे, शांत होते. इंजिन नंबर ताडून बघितला, ब्रेक बघितले, मग समोर येऊन म्हणाले, “हेडलाइट लावा.”

आण्णांनी बटण ओढलं. काही नाही. परत ओढलं. डिपर दाबला तर कुठंतरी आत तांबूस तार दिसल्यासारखी झाली आणि विझली.

साहेबांनी मान हलवली, दुरुस्त करून पुढच्या तारखेला आणा म्हणाले. आण्णा स्टिअरिंग धरून बसूनच राहिले. प्रसेनजीत उडी मारून खाली उतरला. साहेब, दोनच मिनिटं द्या, मी इलेक्ट्रिशियन आहे, असं त्यानं सांगितलं. बरं, मी ह्या मागच्या दोन गाड्या बघून येतो, असं म्हणून साहेब तिकडं गेले.

चित्र अगदी त्यानं पाहिल्यासारखंच उलगडत होतं. त्यानं बॉनेट उघडलं, स्वतःच्या अंगाची आड केली, बोल्ट काढला, टेप सोलली, रबर ओढून खाली टाकलं आणि बोल्ट परत लावला. एवढ्यावर थांबला असता तर दिवे लागले असते. पण आण्णा शेजारी येऊन उभे होते. त्यांना दिसावं म्हणून त्यानं पाना आणखी एक पिळा फिरवला, मग दातओठ खाऊन आणखी एक. वीस वर्षांचा बोल्ट तो. खट्ट आवाज झाला आणि बोल्टचं डोकं पान्यातच राहिलं. उरलेला भाग पत्र्यात तुटून बसला. वायर मोकळी लोंबकळू लागली.

आण्णांनी तुटलेलं डोकं बघितलं आणि ते वळले ते शिवानीकडं. “परवा ह्यो तूच आवळलावतास न्हवं? आधीच पिरगाळून ठेवलावतास वाटतं. सकाळी बघायचं न्हाई व्हय? सगळ्यातच हात घालायला पायजे तुला!”

भर मैदानात, माणसांदेखत. आण्णा तिच्यावर असे ओरडल्याचं प्रसेनजीतला आठवत नव्हतं. शिवानीचा चेहरा उतरला. तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं, जणू खरंच त्यांनी काही चूक केली असावी. ती वाकून बोल्टची जागा निरखू लागली. मग तिची नजर खाली, पुढच्या चाकाजवळ गेली. मधोमध भोक पाडलेला तो रबराचा तुकडा तिथं मातीवर पडला होता.

तिनं तो उचलला. प्रसेनजीतकडं बघितलं, फक्त एकदा. मग मूठ मिटली आणि तो तुकडा ओढणीच्या कमरेच्या गाठीत खोचला.

“दादा,” ती म्हणाली, “पिशवीतली लांब वायर काढ.”

त्यानं काढली. ती सांगत गेली, तो करत गेला. इथं सोल, इथं धर, हे जाळीच्या मागनं घे. दिव्यांच्या मोकळ्या वायरला तिनं ती लांब वायर पिळून जोडली, वर टेप मारली आणि दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आवळलं. पत्र्याची गरजच ठेवली नाही. आण्णा आत जाऊन बसले आणि बटण ओढलं. भरदुपारच्या उन्हातही दिवे डोळ्यांवर आले.

साहेब परतले. अपर, डिपर, इंडिकेटर सगळं बघितलं, समाधानानं वहीत खूण केली. जोडलेल्या वायरकडं बोट करून म्हणाले, “चांगलं काम केलंय. कुणी केलं?”

शिवानी साहेबांपासून दोन हातांवर उभी होती. एका हातात टेप, नखांत काळं.

“माझ्या पोरानं,” आण्णा म्हणाले. छाती पुढं काढून म्हणाले. “इलेक्ट्रिशियन हाय साहेब त्यो. आयटीआय झालाय.”

साहेबांनी प्रसेनजीतकडं बघून मान डोलावली. प्रसेनजीतला हवं होतं ते सगळं त्या क्षणी त्याच्या पदरात पडलं. पण ते खोटं आहे असं त्याला म्हणवेना. शिवानीकडं बघायचा त्याला धीर झाला नाही, पण नजर गेलीच. तिला राग आल्यासारखं दिसत नव्हतं, आश्चर्यही वाटलेलं दिसत नव्हतं. हे तिच्या ओळखीचं होतं. बाहेरच्या माणसासमोर आण्णा नाव कुणाचं घेणार, हे तिला आधीपासूनच माहीत होतं.

आण्णा शिक्के मारून आणायला परत खिडकीकडं गेले. मैदानाबाहेर उसाच्या रसाचा गाडा होता, त्याच्या बाकड्यावर दोघं बसली. रस सांगितला नाही. शिवानीनं कमरेच्या गाठीतून रबराचा तुकडा काढून दोघांच्या मध्ये बाकड्यावर ठेवला.

“का केलंस?”

त्यानं तो तुकडा बोटानं उलटा केला. मग म्हणाला, “आण्णा तुलाच हाक मारत्यात.”

ऐकताना त्याचं त्यालाच ते एवढं पोरकट वाटलं की त्यानं मान खाली घातली. शिवानी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

“बारावी झाल्यावर, जीप यायच्या आधीच, मी आयटीआयचा फॉर्म आणलावता,” ती म्हणाली. “मोटार मेकॅनिकचा. तुला कुणी सांगितलंच नसंल. आण्णांनी सही केली न्हाई. म्हणले, एवढ्या पोरांत एकटी कशी बसणार, बी.ए. कर, शोभंल. घरात फोटो कुणाचा हाय, ते पण म्हणून बघितलं मी. गप बस म्हणले.”

त्याला खरंच हे माहीत नव्हतं. त्या वर्षी तो कायम होण्याच्या खटपटीत होता. घरात दुसरं कुणाचं काय चाललंय इकडं त्याचं लक्षच नव्हतं.

“तुझं सर्टिफिकेट भिंतीवर हाय,” शिवानी म्हणाली. “रोज झाडताना दिसतंय मला. धूळ मीच पुसतोय त्येच्यावरची. मला बी जळतंय की, दादा. पर मी तुझं कधी काय तोडलं न्हाई.”

ती उठली आणि गाडीकडं गेली. रबराचा तुकडा बाकड्यावरच राहिला. प्रसेनजीतनं तो उचलून गटारात टाकला, आणि टाकल्यावरही बोटांना त्याचा वास येत राहिला.

घरी आल्यावर आईनं पासिंगच्या आनंदात शिरा केला. आण्णा जेवता जेवता पिराजीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत होते की साहेब कसे खूश झाले, प्रसननं कसं दोन मिनिटांत काम केलं. शिवानी खाली बघून जेवत होती. तिनं सांगून टाकावं याची प्रसेनजीत वाट बघत होता. तेवढं झालं असतं तर त्याची सुटका झाली असती. तिनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

“आण्णा,” तो म्हणाला, “काम शिवानीनं केलं. लाइट बंद मी पाडलीवती. रबर घातलंवतं मधी. बोल्ट बी मीच तोडला. आणि आधी बिघडलं ते बी माझ्या रंगानं.”

आण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी सोनूबाईकडं बघितलं, मग शिवानीकडं, आणि शेवटी त्याच्याकडं. ते ओरडतील म्हणून तो सावरून बसला होता. आण्णांनी ताटातच हात धुतला, उठले आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसले, चालवायच्या जागेवर, अंधार पडेपर्यंत. आई म्हणाली, तुला दूध पाजताना मी काय चुकले रं. तेवढंच म्हणाली आणि ताटं उचलली.

पंधरा दिवस आण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. पण शिवानीलाही हाक मारेनात. तीही त्यांच्यासमोर येऊन उभी राहिना. घरात तिघंही एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत चालायची. सोळाव्या दिवशी प्रसेनजीतनं दुसरी पाळी बदलून घेतली, दुपारीच घरी आला आणि आण्णांच्या समोर बसला. पाय आखडून, लहानपणी अभ्यासाला बसायचा तसा. तो म्हणाला की मला जे बोलायचं ते बोला, मारा वाटलं तर, पण शिवानीचा फॉर्म ह्या साली भरायचा. तिची बी.ए. मार्चमध्ये संपतीय. सही तुम्ही करायची.

“एकटी पोरगी,” आण्णा म्हणाले. “तीस पोरांत.”

“मैदानावर बी एकटीच हुती की.”

आण्णा अंगणातल्या गाडीकडं वळले. “साहेबानं इचारलं,” ते हळूच म्हणाले, “आणि माझ्या तोंडात तुझंच नाव आलं. ती हितं उभी हुती. का आलं आसंल रं?” जूनमध्ये सही झाली.

शिवानी त्या वर्गात खरंच एकटी मुलगी होती. पहिल्या दिवशी प्रसेनजीतनं तिला मोटारसायकलवरून आयटीआयच्या फाटकापर्यंत सोडलं. तिथल्या गप्पा ती घरी येऊन सांगायची, आण्णा कान देऊन ऐकायचे, आणि प्रसेनजीतला ज्या गोष्टी कधी शिकवल्याच गेल्या नव्हत्या त्यांवर दोघांची चर्चा रंगायची. तेव्हाही त्याला आत खुपलंच. शिवानी पहिली आली तेव्हा पेढे वाटायला तो स्वतः गल्लीभर फिरला, आणि प्रत्येक दाराशी कुणी ना कुणी म्हणालं की थोरल्याच्या पुढं गेली बघा धाकटी. तो हसून पुढच्या दाराला जायचा. पेढा मात्र त्यानं स्वतः खाल्ला तो सगळ्यात शेवटी.

दोन हजार चार साली तिनं हायवेलगत एक गाळा घेतला, गाड्यांच्या लाइटकामाचा. सुरुवातीला ट्रकवाले आत डोकावून विचारायचे, मेस्त्री कुठं गेलेत? नंतर लांबून यायला लागले आणि ताईंनाच बोलवा म्हणू लागले. रविवारी सुट्टी असली की प्रसेनजीत तिथं जाऊन बसतो. चहा सांगतो, फोन घेतो. मधेच एखादा ड्रायव्हर ताटकळतो आणि त्याला म्हणतो, “पावणं, तुमी बी लाइटीतलंच दिसताय. तुमीच बघा की जरा.”

“मी कारखान्यातला,” प्रसेनजीत म्हणतो. “गाडीचं तिला इचारा.”

दर वेळी हे म्हणताना त्याला थोडं जड जातं. अजून जातं. तरी तो म्हणतो, आणि शिवानी गाडीखालून हात बाहेर काढते तेव्हा तिला हवा तो पाना तिच्या हातात देतो.